डॉल्फिनची 'हमी' कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर कोल्हापुरातून मालवण, तारकर्ली, देवबागच्या एकदिवसीय सहलींच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांतील अनेकांत 'डॉल्फिन दर्शनाची हमी' ठळक अक्षरांत दिलेली असते. माझा आक्षेप या हमीला आहे.

डॉल्फिन पाहायला सकाळची वेळ उत्तम, कारण तेव्हा वारा कमी असतो आणि शांत पाण्यावर पाठ किंवा पाठीवरचा पर लांबूनही ओळखू येतो. कोल्हापूरहून पहाटे निघून फोंडा घाट उतरलेली गाडी किनाऱ्यावर पोहोचते तोवर ही वेळ सरत आलेली असते, पुढे वारा वाढतो, लाटा फुटू लागतात. अशा वेळी हमीपोटी पैसे मोजलेले प्रवासी बोटीवाल्याला 'आणखी जवळ घ्या' म्हणतात आणि एक कळप दिसला की चारही बाजूंनी बोटी धावतात. दोष एकट्या बोटीवाल्याला देऊन भागणार नाही. घाई आपण इथून सोबत नेलेली असते.

या किनाऱ्यावर दिसणारा हंपबॅक डॉल्फिन उथळ पाण्यात, किनारा धरून राहतो. म्हणून तो आपल्याला दिसतो आणि म्हणूनच त्याला बोटींपासून फार दूर जाता येत नाही. ही जात जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानली जाते. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर डॉल्फिन वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तो हवेत श्वास घेणारा सस्तन प्राणी असल्याने त्याला वारंवार वर यावेच लागते, शिवाय तो भक्ष्य आणि वाट आवाजाच्या आधाराने शोधतो. इंजिनांच्या गलबल्यात ही दोन्ही कामे अवघड होतात आणि माद्यांसोबत पिल्ले असली तर अधिकच.

छायाचित्रासाठीही पाठलाग निरुपयोगी आहे. बोटीची गती कमी करून, कळपाची वाट न अडवता, त्याच्या बाजूने समांतर अंतर राखून चालले, तर तो पुन्हा कुठे वर येईल याचा अंदाज बांधता येतो. मोबाईलपेक्षा लांब पल्ल्याची लेन्स बरी. पराचे बाजूने घेतलेले स्वच्छ छायाचित्र तर अभ्यासकांनाही उपयोगी पडते, कारण परावरील खाचा आणि व्रण यांवरून एकेक डॉल्फिन ओळखता येतो. उड्या मारणारा डॉल्फिन हवा असणाऱ्यांनी पोस्टर विकत घ्यावे!

वेळास किंवा वायंगणीला कासवांची पिल्ले पाहायला जाणाऱ्यांनीही फ्लॅश बंद ठेवावा. उजेडाने ती भरकटतात.

येत्या हंगामाच्या जाहिराती छापण्यापूर्वी कोल्हापुरातील सहल आयोजकांनी 'हमी' काढून टाकावी, शक्य तेथे एक मुक्काम ठेवून सकाळची फेरी आखावी आणि डॉल्फिन दिसो वा न दिसो, बोटीचे भाडे तेवढेच द्यावे लागेल, हे प्रवाशांना कोल्हापुरातच स्पष्ट सांगावे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर