नवा प्रोसेसर घेऊ न देणाऱ्या ताईंना

ताई,

'माझं नाव कुठे लिहू नकोस' असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. घरात मीडिया सर्व्हर, म्हणजे साठवलेले सिनेमे टीव्हीला पाठवणारा संगणक, चालवणाऱ्या कुणालाही तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

मी तुम्हाला विचारलं होतं, कोणता प्रोसेसर घेऊ? फोर-के सिनेमा लावला की सर्व्हरचा पंखा घोंघावायचा आणि टीव्हीवर गोल चक्र फिरत राहायचं. ज्याला विचारावं तो काहीतरी विकत घ्यायलाच सांगायचा. तुम्ही उलट मलाच विचारलंत, 'ट्रान्सकोड का होतंय, ते कारण वाचलंस का?' ट्रान्सकोड म्हणजे सिनेमा चालू असतानाच सर्व्हरने तो दुसऱ्या स्वरूपात बदलून पाठवणं.

कारण लिहिलेलं असतं हेच ठाऊक नव्हतं. जेलीफिन या माझ्या मीडिया सर्व्हरच्या सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डवर, चालू असलेल्या सिनेमाच्या चौकटीत माहितीचं छोटं चिन्ह असतं. त्यावर गेलं की सर्व्हर स्वतःच सांगतो, मूळ फाइल जशीच्या तशी का पाठवता येत नाही. आमच्याकडे लिहिलं होतं, 'सबटायटल कोडेक नॉट सपोर्टेड'. म्हणजे सबटायटल ज्या पद्धतीने साठवली होती (कोडेक), ती टीव्हीला कळत नव्हती. चित्र टीव्हीला वाचता येत होतं, अडचण खालच्या दोन ओळींची होती, आणि मी निघालो होतो प्रोसेसर बदलायला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

हे सबटायटलचं प्रकरण तुम्ही फार छान उलगडून सांगितलंत. ब्लू-रेवरची पीजीएस सबटायटल्स म्हणजे अक्षरं नसतातच, ती चित्रं असतात. टीव्हीवरच्या ॲपला ती दाखवता येत नसतील, तर सर्व्हरला ती व्हिडिओवर छापावी लागतात. त्यासाठी प्रत्येक फ्रेम उलगडायची, तिच्यावर ओळ चिकटवायची आणि सगळं पुन्हा व्हिडिओत दाबून बसवायचं, म्हणजे एन्कोड करायचं. एचडीआर, म्हणजे जास्त उजळ आणि गडद छटांचा, सिनेमा असेल तर बऱ्याचदा रंगही साध्या एसडीआरमध्ये उतरवावे लागतात. दोन ओळींसाठी एवढा खटाटोप, आणि वर चित्राचा दर्जा घसरतो तो वेगळाच. कित्येक जण याचा दोष वायफायला देत बसतात, असं मला आता वाटतं.

'सबटायटल बंद कर' म्हणून तुम्ही मोकळ्या झाला नाहीत, याचं मला विशेष वाटलं. आईला ऐकू कमी येतं, तेव्हा तो उपाय आमच्याकडे चालणारच नव्हता. तुम्ही 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये त्या चित्रांवर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं) चालवून साधी एसआरटी, म्हणजे नुसत्या मजकुराची, फाइल करायला शिकवलंत. इंग्रजीतला कॅपिटल आय आणि स्मॉल एल यांत ते सॉफ्टवेअर हमखास गल्लत करतं, तेवढ्या ओळी नजरेखालून घालायच्या. मग फाइलला सिनेमाचंच नाव द्यायचं, पुढे टिंब देऊन भाषेचा कोड लिहायचा आणि ती त्याच फोल्डरमध्ये ठेवायची. तोच सिनेमा पुन्हा लावला तेव्हा डॅशबोर्डवर 'डायरेक्ट प्लेइंग' आलं आणि प्रोसेसरचा आलेख जवळजवळ जमिनीला टेकला. डायरेक्ट प्ले म्हणजे सर्व्हरने फाइल नुसती उचलून द्यायची. ते काम रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणकही आरामात करतो.

मग आवाजाकडे वळलो. आमचा टीव्ही डीटीएस या पद्धतीचा आवाज वाचत नाही. त्यात सर्व्हर फक्त ऑडिओ बदलतो, व्हिडिओ तसाच जातो, म्हणून 'याची चिंता सगळ्यात शेवटी कर' असं तुम्ही म्हणालात. तरी मी एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने फाइलमध्ये 640 केबीपीएसचा एसी3 (टीव्हीला वाचता येणारा आवाज) ट्रॅक जोडला. व्हिडिओ कॉपी, मूळ डीटीएसही जागच्या जागी. व्हिडिओ नव्याने एन्कोड होत नसल्यामुळे काम पटकन उरकतं. कंटेनरचं, म्हणजे चित्र, आवाज आणि सबटायटल ज्या डब्यात भरलेले असतात त्याचंही तसंच. एमकेव्हीमधून एमपी4मध्ये नुसती भरणी करायला प्रोसेसरला फारसा घाम फुटत नाही.

ॲपमधल्या क्वालिटीच्या सेटिंगकडे मात्र माझं कधीच लक्ष गेलं नसतं. तिथली मर्यादा फाइलच्या बिटरेटपेक्षा (दर सेकंदाला लागणाऱ्या डेटापेक्षा) कमी असली, की सगळे कोडेक जुळत असूनही सर्व्हर इमानदारीत ट्रान्सकोड करत बसतो. घरातल्या घरात ती मर्यादा सगळ्यात वर नेऊन ठेवली. बाहेर मोबाइल डेटावर पाहताना खाली आणतो. तिथे ट्रान्सकोडिंग हवंच, ते त्याचसाठी आहे.

आणि ती केबल! वायफायपेक्षा वायर केव्हाही बरी, हे मी धरूनच चाललो होतो. तुम्ही टीव्हीचा नेटवर्क पोर्ट तपासायला लावलात, तर तो निघाला 100 एमबीपीएसचा. फोर-के ब्लू-रेचा बिटरेट त्याच्याही वर चढू शकतो. राउटर त्याच खोलीत असल्यामुळे आमच्याकडे 5 गिगाहर्ट्‌झचं वायफायच सरस ठरलं. वायर गुंडाळून ठेवून दिली.

ब्राउझरमध्ये पाहणंही सोडलं. लॅपटॉपवर आता एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरच्या जोरावर चालणारं ॲप आहे, ते जवळजवळ काहीही वाचतं.

आता उरल्यात त्या 10-बिट एच.264 या व्हिडिओ कोडेकमधल्या जुन्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) फाइल्स. त्या टीव्हीच्या चिपला वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे अजूनही ट्रान्सकोड होतंच. लॅपटॉपवर बघत राहू, की एकदाच काय ते एन्कोड करून टाकू? 2018चा एव्ही1 कोडेक आमच्या टीव्हीला समजत नाही, म्हणजे 2013चा एचईव्हीसीच घ्यावा लागेल असं दिसतंय. सवडीने कळवा, घाई नाही.

तुमचा,
प्रोसेसरचे पैसे वाचलेला