ग्रीन कार्ड आधी की लग्न आधी?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या वधू-वर जाहिरातींत ‘अमेरिकेत नोकरी, ग्रीन कार्डधारक’ हे शब्द ठळक छापलेले असतात. मुलींच्या आई-वडिलांची नजर आधी तिथेच जाते. आमचीही गेली असती, म्हणून हे पत्र.

माझ्या मुलीचा साखरपुडा झाला तेव्हा जावई एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर होते. संशोधक असल्याने त्यांचा नंबर लवकर लागला आणि लग्नाला चार महिने असताना ग्रीन कार्ड हातात आलं. आम्ही गल्लीभर पेढे वाटले. त्याच दिवशी मुलीची सोपी वाट बंद झाली होती, हे कळलं ते लग्न होऊन दीड महिना झाल्यावर.

नियम असा आहे. नवऱ्याला कार्ड मिळण्याआधी लग्न झालेलं असेल, तर बायकोला त्याच्याच अर्जावर, रांगेतल्या त्याच्याच जागेवर कार्ड मिळू शकतं. ती मागाहून गेली तरी चालतं. कार्ड आल्यानंतर एका दिवसाने जरी लग्न लागलं, तरी तिच्यासाठी नवा अर्ज भरावा लागतो आणि ती ‘एफ-टू-ए’ नावाच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहते. या रांगेला वर्षाला साधारण ८७,९०० व्हिसा, तेही साऱ्या जगातल्या पती-पत्नी आणि अल्पवयीन मुलांना मिळून. हा हिशेब १९९०च्या कायद्यातला. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात कागदावर तरी रांग नव्हती. तेव्हा मुली पाठवलेल्या ओळखीच्यांनी ‘वर्षभरात जाईल हो’ असं सांगितलं, ते त्यांच्यापुरतं खरंच होतं. एप्रिल २०२३पासून रांग पुन्हा लागली.

मला सगळ्यात खुपतं ते हे, की तात्पुरत्या कामाला गेलेला मुलगा बायकोला एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर लगोलग नेऊ शकतो. शिकायला गेलेल्यालाही ती सोय आहे. नागरिक झालेल्याच्या बायकोला तर संख्येची मर्यादाच नाही. अडकते ती कायम राहायची परवानगी मिळालेल्याची बायको.

निदान महिनाभर भेटून येऊ दे म्हणून मुलीने पर्यटक व्हिसाचा अर्ज केला. नवरा कुठे असतो आणि त्याने तुमच्यासाठी अर्ज भरलाय का, एवढे दोनच प्रश्न झाले. तिने खरं ते सांगितलं आणि नकाराची चिठ्ठी घेऊन बाहेर आली. परत येणार नाही असं तिथे गृहीतच धरतात, आणि नवऱ्याचा अर्ज हाच त्याचा पुरावा ठरतो. जावयांनी इकडे येऊन राहावं, तर सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिल्यास नागरिकत्वासाठी तिथे सलग पाच वर्षं राहण्याच्या हिशेबात खंड धरला जातो, आणि वर्षाच्या वर गेलं तर कार्डच धोक्यात.

पहिल्या संक्रांतीला मुलीने हलव्याचे दागिने घातले ते मोबाइलसमोर बसून. तिकडे पहाट होती. जावई स्वेटर घालून, डोळे चोळत बघत होते. दिवाळसणासाठी घेतलेली अंगठी अजून डबीतच आहे. रांगेत कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, हे दर महिन्याला जाहीर होतं; ती तारीख ती आधी स्वतः बघते, मग मला सांगते. कधी तारीख दोन-तीन आठवडे पुढे सरकते, कधी जागची हलतसुद्धा नाही.

अमेरिकेने यावर एकदा उपाय केला होता. डिसेंबर २०००मध्ये ‘व्ही’ व्हिसा निघाला. त्या महिन्याच्या २१ तारखेपर्यंत ज्यांचे अर्ज दाखल होते आणि तीन वर्षं रखडले होते, अशा पती-पत्नींना तिकडे जाऊन एकत्र राहत वाट पाहण्याची मुभा मिळाली. पुढच्यांना ती नाही. तिकडे नागरिक झालेल्या मराठी मंडळींनी आपापल्या लोकप्रतिनिधींकडे हा विषय लावून धरावा, अशी हात जोडून विनंती आहे.

विवाह मंडळांनीही एवढं करावं: फॉर्मवर ‘ग्रीन कार्ड आहे का’ यापुढे ‘कधी मिळालं, किंवा कधी मिळणार’ हा रकाना ठेवावा. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिल्यापासून तीस दिवसांनी नोंदणी विवाह करता येतो. आम्हाला चार महिने नव्हे, त्याआधीचा अख्खा साखरपुड्याचा काळ मिळाला होता, पण कुणी सांगितलं नाही.

परवा आमच्या शेजारच्या मुलीची सुपारी फुटली. मुलाचं कार्ड येत्या काही महिन्यांत अपेक्षित आहे. मी त्याच संध्याकाळी तिच्या आईकडे गेले आणि म्हटलं, मुहूर्त, हॉल, साड्या सगळं सावकाश बघा, आधी दोघांची नोंदणी उरकून घ्या.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे