इरावतीबाई आणि ती स्कूटर

महोदय,

इरावती कर्वे यांच्यावर लेख आला की त्यात स्कूटर हमखास येतेच. पुण्यात तेव्हा बाईने स्कूटर चालवणे ही बातमी होती, हे मान्य. पण डेक्कन कॉलेजातल्या या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर शोधले काय, ते दोन ओळींत उरकले जाते. मामाची मुलगी केलेली चालते, मग आत्याची का नाही, असले आपल्या घरातले प्रश्न त्यांनी देशभरच्या नातेव्यवस्थेशी ताडून पाहिले. १९५३चा त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्यातूनच आला. वारीतही त्या नुसत्या भक्तिभावाने चालल्या नाहीत. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात, हे त्यांना खुपले आणि त्यांनी ते लिहिले. (आपल्या वारी विशेषांकात हे कधी दिसले नाही!) कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची त्यांनी केलेली पाहणी तर आज कुणाच्या गावीही नाही. पुढच्या लेखात त्या पाहणीवर निदान दोन परिच्छेद असू द्यावेत. स्कूटरचा उल्लेख गाळलात तरी चालेल.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे