संजीवनीचा तट आणि आमचे चिरंजीव

पुणे, ११ जानेवारी

प्रिय अन्या,

स.न.वि.वि. दिवाळीला फोन केला नाही, तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजला नुसता अंगठा चिकटवला. काय शिव्या घालायच्या त्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत बरी आहे. साखर जरा वर, उजवा गुडघा आहे तसाच. वसू ठणठणीत.

आता मुद्दा. निनाद आणि मी बोलत नाही. म्हणजे "मीठ दे" इतपत बोलतो. वसूला कारण सांगितलं तर म्हणाली, "लोकांकडे बापलेक जमिनीवरून भांडतात, आमच्याकडे भिंतीवरून. तीही दुसऱ्याची!" म्हणून तुला लिहितोय.

राजगडाच्या संजीवनी माचीवर, दुसऱ्या टप्प्यावर, दिंडीतून (तटातल्या छोट्या दारातून) खाली उतरून दुहेरी तटाच्या मधे जातो ना आपण, त्याच्या जरा अलीकडे बाहेरच्या तटानं पोट काढलंय. चांगलं हातभर. पाऊस संपल्यावर आमच्या मंडळाची पोरं फोटो घेऊन आली. दोन घडीव दगडांच्या फटीतून चिखल ओघळून वाळलाय, त्यात मुंग्यांनी बिऱ्हाड केलंय. वर फांजीच्या, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेच्या, कडेला उंबराचं रोप. दिसायला बोटाएवढं, पण मूळ कुठवर गेलंय देव जाणे.

आमच्या चिरंजीवांचा उपाय ऐक. दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटनं भरायच्या आणि तटाला आधार म्हणून दोन भिंतींमधली पोकळी दगड-काँक्रीटनं भरून टाकायची! अन्या, ती पोकळी! मी ताटावरून उठलो. अरे, सगळी अक्कल तिथेच तर आहे. बाहेरचा तट तोफेनं फोडला तरी शत्रू आत येतो कुठे, तर त्या अरुंद घळीत. समोर पुन्हा तट, जंग्यांतून, म्हणजे तटातल्या भोकांतून, बंदुका रोखलेल्या, आणि वर यायची वाट एका माणसापुरती. ती भरायची म्हणजे शत्रूला पायरी करून द्यायची. निनाद म्हणतो, "बाबा, आता कुठला शत्रू येणारे?" मी म्हटलं, घरात आलाय.

वसू हसली, तो नाही हसला.

तसा तो मूर्ख नाही. सिव्हिलचा पोरगा, हिशेब त्याला कळतो. पण पाणी कळत नाही. माचीवर पडलेला पाऊस मुरतो तटामागच्या भरावात, आणि बांधणाऱ्यानं ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतो. ती भोकं आता गाळानं, आणि तुझ्या आवडत्या ट्रेकर मंडळींच्या बाटल्यांनी बुजलीयत. पाणी आत तुंबतं आणि दगड पुढे ढकलतं. आत्ता निदान फटींतून पाझरतंय. त्या सिमेंटनं बंद केल्या तर तेही बंद. दोन पावसाळ्यांत नुसतं पोट नाही, अख्खा तट खाली जाईल. चुना ओल बाहेर सोडतो, दगड जरा हलला तर सांभाळून घेतो. सिमेंट यातलं काही करत नाही. हे मला शिकवलंस तू, घाणीवर चुना मळताना, आणि वर चुन्यात घालायच्या गुळाचा खडा तोंडात टाकून "चुन्याला कमी पडला तर बघू" म्हणालास. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गड बांधायच्या आधी उदक बघायला सांगितलंय. अमात्यांच्या डोक्यात प्यायचं पाणी होतं, कबूल, पण निनादला मी एवढं खोलात सांगितलं नाही.

तू आता म्हणशील, रायगडावर हिरोजीनं पाण्याची सोय बघ कशी केलीय. गप्प बस. तुझा रायगड थोर आहे, पायरीवर नाव कोरणारा हिरोजीही थोर. पण राजधानी हलली म्हणून राजगड दुय्यम, हे तुझं म्हणणं मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. १६६५ च्या तहात २३ किल्ले गेले, राखलेल्या १२ मधे हा होता. आग्र्याहून सुटून महाराज आले ते इथेच. सईबाई गेल्या इथे, राजाराम जन्मले इथे. १७०४ ला खुद्द औरंगजेबानं वेढा घालून घेतला आणि नबीशाहगड नाव ठेवलं. ते नाव कोण घेतं आज? पाली दरवाज्याच्या पायऱ्यांवर तू माझ्याशी अर्धा दिवस बोलला नव्हतास ते याच वादावरून. आणि नेढ्यात, त्या कड्यातल्या आरपार भोकात, बसून डोळे मिटले होतेस ते ध्यान नव्हतं, हेही एकदा कबूल कर.

कुठे होतो? हां. पैसे एका देणगीदाराचे आहेत. त्याला तिथीच्या शिवजयंतीच्या आत काम आणि नावाची पाटी हवी. गुंजवण्यात ताडपत्रीखाली सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्यात. पुरातत्त्वची लेखी परवानगी नाही. मंडळाच्या चेकवर दोन सह्या लागतात, अध्यक्ष निनाद, खजिनदार मी. मी सही करत नाही. जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले गेले, त्यात आपला आहे. आता एकेका दगडाचा जाब द्यावा लागेल, असं मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "तुम्ही लोक आयुष्यभर परवानगीची वाट बघत बसलात, तोवर तटावरच्या चर्या पडल्या." लागलं रे ते. कारण पडल्याच की.

म्हणून मी एक मधली वाट काढलीय. उंबर छाटायचा, पण उपटायचा नाही, नाहीतर दगड निघतील. फुगवट्याचं माप दर महिन्याला घ्यायचं. भोकं मोकळी करायची, तीसुद्धा खात्याच्या माणसाला बरोबर घेऊन. अर्ज मी लिहून ठेवलाय. पण हे मी सांगितलं की "बाबांचं नेहमीचं" होतं. तू सांगितलंस तर ऐकेल. लहानपणापासून त्याला तूच शहाणा वाटतोस, का ते मला कळलेलं नाही.

तर ये. येताना चुन्याच्या प्रमाणाची ती वही आण. फोटो पाठवू नकोस, तुझं अक्षर मोडीपेक्षा अवघड. सूनबाईंचं बाळंतपण फेब्रुवारीत ना? मग त्याच्या आधीच उरकून टाक. इंदूरच्या घराचं काय झालं, विकलंस का? वहिनींचा डोळा कसा आहे? पुढच्या रविवारी निनाद घरी आहे, सोमवारी तो गुंजवण्याला जाणार. शनिवारी रात्रीची गाडी पकड, वसूनं तुझ्यासाठी थालीपीठाची भाजणी दळून आणलीय.

तुझा,
दिल्या