डाव्या कोपऱ्याकडून फिजिओ मॅडमना

मॅडम,

स. न. वि. वि.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी आमच्या कबड्डी संघाची डावी कोपरारक्षक होते. आता पर्सनल ट्रेनर आहे. दादर ते परळ पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ माझी धावपळ चालू असते. हे कसं काय जमवलंस, असं कोणी विचारलं की मी 'खेळाडू होते ना' म्हणून विषय संपवते. त्यातलं अर्धं श्रेय तुमचं आहे आणि ते चारचौघांत सांगितलं पाहिजे, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं आमच्या खेळाबद्दल. कबड्डीपटू म्हटलं की लोकांना टीव्हीवरची लीग दिसते. ती २०१४ साली सुरू झाली, पुरुषांची. बायकांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक स्पर्धा तिच्या जोडीला झाली आणि पुढे ती चालू राहिली नाही. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात आपल्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या. पण त्या उंचीवर पोहोचणाऱ्या किती? बाकीच्या आम्ही मंडळाकडून खेळायचं, जिल्ह्याकडून खेळायचं आणि रेल्वे, पोलीस, बँक, नाहीतर सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाकडे डोळे लावून बसायचं. अशात गुडघा गेला की खेळ जातोच, नोकरीची आशाही सोबत जाते.

माझा गेला तो घोटा पकडताना. चढाईवाली आमच्या अंगणातली निदान रेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा, ओलांडून आत आली, मी झेपावले, ती गर्रकन वळली. माझा पाय मॅटला रोवलेला होता, गुडघा तेवढा आत वळला. मातीत पाय निदान सरकतो, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात. एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा मुख्य लिगामेंट, तुटला. शस्त्रक्रियेत मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा काढून त्याच्या जागी बसवला आणि मी तुमच्या दारात आले.

तिथे तुम्ही मला जे पहिलं सांगितलंत, ते मी आज प्रत्येक क्लायंटला सांगते. शस्त्रक्रियेनंतर दीडेक महिन्यात दुखणं बरंच उतरतं, माणूस जिना चढू लागतो, आणि नेमक्या त्याच सुमाराला नवा लिगामेंट सगळ्यात कच्चा असतो. म्हणजे दुखत नाही तेव्हाच जास्त सांभाळायचं. मैदानावर आम्हाला उलटं शिकवलेलं असतं. दुखतंय? दुखू दे, पट्टी बांध, उतर. दुखत नाही? मग तर काहीच झालेलं नाही. हे डोक्यातून निघायला वेळ लागला आणि तुम्ही तो दिलात, एकदाही आवाज न चढवता.

पण मला खरं तर त्या यंत्राच्या वीस मिनिटांबद्दल आभार मानायचेत. मांडीचा पुढचा स्नायू जागा व्हावा म्हणून तुम्ही विजेच्या हलक्या झटक्यांचे पॅड चिकटवून मला बसवून ठेवायचात. मी मोबाइल काढला की म्हणायचात, "त्या समोरच्या आजी खुर्चीतून उठताना भार कुठल्या पायावर टाकतायत, सांग बघू." मी म्हणायचे, उजव्या. "कशावरून?" कमरेवरून, मी सांगायचे.

कोपऱ्यावर खेळणारी पोरगी चढाईवालीच्या हातांकडे बघत नाही. हात फसवतात. ती कंबर बघते, भार कोणत्या पायावर आलाय ते बघते आणि पुढचं पाऊल पडायच्या आत ठरवते. हे मला येत होतं; त्याला मैदानाबाहेर काही किंमत आहे, हे ठाऊक नव्हतं. तुम्ही ओळखलंत. मग रोजचा तो खेळच झाला आपला. लकव्यातून उठलेले काका, खांदा आखडलेल्या शिक्षिका, पाठ धरलेला रिक्षावाला. कोण श्वास रोखतंय, कोण दुखरी बाजू लपवतंय, कोण तुमच्या भीतीनं "बरंय" म्हणतंय. मला सगळं दिसायला लागलं.

माझ्या धंद्यातल्या बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. खेळाडू ट्रेनर झाला की स्वतःचाच जुना सराव लोकांना वाटत सुटतो. पन्नाशीच्या बाईंना बर्पी, म्हणजे जमिनीवर आडवं होऊन उठायचं आणि लगेच उडी मारायची! त्यांना जमिनीवरून उठता येतं का, हे आधी बघायचं असतं. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं झिजतात, म्हणून त्यांनी वजन उचलायलाच हवं. पण कुठून सुरू करायचं ते शरीराकडे बघून कळतं, इन्स्टाग्रामवरून नाही.

नऊ महिन्यांनी तुम्ही एका पायावरच्या उड्या मोजल्यात. दुखऱ्या पायाची मजल चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर गेल्याशिवाय मैदान नाही, ही तुमची अट मी पूर्ण केली. परत खेळलेही. मग सोडायचा विचार घेऊन आले, तेव्हा घरचे एक सांगत होते, प्रशिक्षक दुसरं. तुम्ही दोन्ही बाजूंचे धोके समोर मांडलेत आणि तुमचं मत मात्र दिलं नाहीत. तेव्हा राग आला होता. आता कळतं की ते दिलं असतंत तर मी आयुष्यभर तुमच्याकडे बोट दाखवलं असतं.

सर्टिफिकेटच्या परीक्षेचं फार लिहीत नाही. इंग्रजी पुस्तक जाडजूड, आणि माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. पण शरीराच्या हालचालींचे तीन प्रतल तुम्ही जसे शिकवलेत तसे कुठल्या अकादमीत कोणी शिकवले नसते. हनुमान उडी म्हणजे सॅजिटल, पुढे-मागे. बाजूला मारलेली लाथ म्हणजे फ्रंटल, डावी-उजवीकडे. टच करून गर्रकन मध्यरेषेकडे वळणं म्हणजे ट्रान्सव्हर्स, स्वतःभोवती फिरणं. परीक्षेत तो प्रश्न आला आणि मी हसले.

आणि पहिली क्लायंट. तुमच्याकडचे उपचार संपलेल्या बाई, गुडघ्याची झीज, मधुमेह, जिमच्या नावानंच घाम फुटणाऱ्या. तुम्ही त्यांच्या हाती चिठ्ठी दिलीत: काय चालेल, काय चालणार नाही. मला मात्र फोनवर बजावलंत, "फुकट शिकवायचं नाही. पहिल्या दिवशी फी सांगायची." मी ओशाळले होते. मंडळात वाढलेल्या पोरींना पैसे मागायची सवय नसते. टॅक्सीभाडं आणि वडापाव मिळाला की आम्ही खूश. त्या बाई अजून येतात. खुर्चीवरून उठ-बस करण्यापासून सुरुवात केली होती, आता बारा किलोचं केटलबेल जमिनीवरून उचलतात आणि बिल्डिंगमधल्या बायकांना दंड दाखवतात. त्यांच्याच ओळखीतून निम्मं काम आलं. जिमच्या पगारावर आणि तिथल्या टक्केवारीवर एवढं घर चाललं नसतं.

तुमची ती यादी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पाय बधिर होणं, एकाच पोटरीला आलेली सूज, छातीत दाटून येणं: हात लावायचा नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं. ट्रेनरनं कुठे थांबायचं हे तुम्ही इतकं ठामपणे सांगितलंत, म्हणून मी आजवर बिनघोर काम करू शकले.

आता एक काम आहे, आणि खरं सांगायचं तर आभारांच्या आडून तेच मागतेय. मंडळातल्या मुलींना मी आठवड्यातून दोनदा सरावाआधी उड्या मारून नीट उतरायला, एका पायावर तोल धरायला, वेग एकदम तोडायला शिकवते. मुलींचा एसीएल मुलांपेक्षा जास्त तुटतो आणि अशा सरावानं ते प्रमाण कमी होतं, हे तुम्हीच सांगितलं होतंत. अठरा वर्षांखालच्या गटात काही जणींचा गुडघा उतरताना आत झुकतोय असं मला वाटतं. एकीची तर नक्की कंबर कच्ची आहे, पण पाऊलही सपाट आहे, आणि आधी काय धरायचं ते ठरत नाहीये. एखाद्या रविवारी सकाळी सातला मैदानावर याल का? मुलींना तुम्ही कोण हे मी सांगणार नाही, नाहीतर त्या मुद्दाम नीट उतरतील.

तुमची,
बुधवार-शुक्रवारची जुनी पेशंट