पंचनाम्याबाहेरच्या माणसांविषयी

सोलापूर,
दि. ९ जानेवारी २०२६

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुम्ही सारे परदेशात नोकऱ्या सांभाळून शनिवार-रविवारी एकत्र येता आणि कोणीही पगार न घेता इकडच्या लोकांसाठी निधी उभा करता, हा मजकूर तुझ्या आईने मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला. सीना नदीच्या पुरासाठी जमलेली रक्कम कोठे आणि कशावर खर्च करावी, असे तू विचारले आहेस. जी माणसे पंचनाम्यात आलीच नाहीत, त्यांच्यावर ती खर्च व्हावी, असे माझे मत आहे. ते का, हे मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती मी आजवर घरात कोणालाही सांगितलेली नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणपती विसर्जन करून माणसे गाढ झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी तिकडची घरे. उन्हाळ्यात जे गारवा देत असे, तेच त्या पहाटे अंगावर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळजवळ ८,००० माणसे गेली. आपल्या गल्लीतल्या बायकांनी रात्रभर कडक भाकरी थापल्या आणि शेंगाचटणीसह त्यांची गाठोडी पाठवली. मी तेव्हा तलाठी होतो. उमरग्याच्या बाजूला पंचनाम्यासाठी ज्यांना पाठवले, त्यांत माझेही नाव होते.

पडलेल्या घरासमोर उभे राहायचे, ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत ते कोणाच्या नावावर आहे हे पाहायचे, नुकसान लिहायचे आणि पंचांच्या सह्या घ्यायच्या, असे ते काम असते. एका गावात मी असाच एका वाड्याचा पंचनामा केला. वाडा थोरल्या भावाच्या नावावर होता. त्याच्या धाकट्या भावाची विधवा दोन मुलांना घेऊन मागच्या परसातल्या खोलीत वेगळी चूल मांडून राहत होती आणि दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात होती. मी लिहीत असताना ती ढिगाऱ्यापाशी उभी होती. ती काही बोलली नाही आणि मी काही विचारले नाही. एक वाडा, एक कुटुंब, अशी नोंद करून मी पुढच्या घराकडे वळलो.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्याचे ठरले आणि घरांचे आकार जमिनीवरून ठरवण्यात आले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फुटांचे, सात हेक्टरपर्यंतच्यांना ४०० चौरस फुटांचे आणि त्याहून मोठ्या शेतकऱ्यांना ७५० चौरस फुटांचे घर, असे ते माप होते. ज्याच्याकडे आधी जास्त होते त्याला भूकंपानंतरही जास्तच मिळावे, हे मला तेव्हाही पटले नव्हते. पण त्या बाईला त्यातले सर्वांत लहान घरही मिळाले नाही, आणि ते त्या मापामुळे नव्हे, माझ्या एका ओळीमुळे. दिराला ४०० चौरस फुटांचे घर मिळाले. काही महिन्यांनी ती माझा पत्ता शोधत सोलापूरला आली, तेव्हा हरकतींची मुदत उलटून गेली होती. मी तिला अर्ज करण्यास सांगितले. तो अर्ज आपण लिहून द्यावा, तिच्याबरोबर कचेरीत जाऊन झालेली चूक माझी आहे असे सांगावे, हे मला सुचले नाही, किंवा सुचूनही मी केले नाही. पुढे ती मला कधी भेटली नाही.

त्याच भूकंपानंतर मी एक चांगली गोष्टही पाहिली. जी गावे न हलवता जागेवरच दुरुस्त करायची होती, तेथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' नेमले गेले. अनुदानाचा हप्ता कशासाठी आहे, भिंतीला कोठे बळकटी द्यायची, कोणाचे नाव राहून गेले, हे त्या घरोघर फिरून विचारत असत आणि ग्रामसभेत उभ्या राहून अधिकाऱ्यांसमोर मांडत असत. २००१ साली कच्छचा भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या अशा बायका तेथल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या होत्या. माझ्या पंचनाम्याच्या वेळी ढिगाऱ्यापाशी अशी एक जरी बाई उभी असती, तरी तिने मला पुढच्या घराकडे जाऊ दिले नसते.

आता सीनेकडे येतो. गेल्या सप्टेंबरात वरच्या भागात झालेला पाऊस आणि धरणांतून सोडावे लागलेले पाणी एकदम खाली आले, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद करावा लागला आणि माढा, मोहोळ, करमाळ्यातील नदीकाठची कित्येक शेते खरडून गेली. शासनाने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये जाहीर केले, ते योग्यच झाले. पण हेक्टरी मदत सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला मिळते. वाट्याने शेत करणारा, खंडाने घेणारा, रोजाने ऊस तोडणारा किंवा तूर काढणारा, यांच्या नावाचा हेक्टर कोठून येणार? दिवाळीनंतर मी मोहोळ तालुक्यातील दोन गावांत आठ-दहा वेळा जाऊन बसलो. ज्यांचे नुकसान झाले पण ज्यांच्या नावे एकही कागद नाही, अशी १९ कुटुंबे मी माझ्या वहीत लिहून घेतली आहेत.

तुमच्यातील काही जण म्हणतात की मदत करावी, हक्कांच्या प्रश्नांत पडू नये, असे तू लिहिले आहेस. त्यांचा हेतू शुद्ध आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु १९९१ मध्ये मेरिलंड विद्यापीठातील भारतीय विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट या संस्थेचे उदाहरण त्यांना जरूर सांग. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या खोऱ्यातील बिलगावच्या आदिवासींनी श्रमदान करून ओढ्याच्या पाण्यावर वीज निर्माण केली, त्या कामाला या संस्थेचे पाठबळ होते. काही वर्षांतच तो प्रकल्प सरदार सरोवराच्या पाण्यात गेला. विस्थापितांच्या हक्कांबद्दल बोलायचे नाही असे ठरवले असते, तर त्या गावाबरोबर उभे राहण्याचा दुसरा कोणता मार्ग त्यांच्याकडे उरला असता?

पैशाच्या वाटेबद्दल एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणग्यांविषयीच्या, कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाल्यापासून येथील एका संस्थेला परदेशातून आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे आणि रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. म्हणून मोठ्या शहरातील संस्थेकडे रक्कम देऊन ती पुढे मोहोळच्या लहान गटाकडे पोचेल, अशी आशा धरू नका. ज्या नोंदणीकृत संस्थेचे स्वतःचे कार्यकर्ते या गावांत जातात, तीच निवडा. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान धरली जात नाही; ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची धरली जाते.

सगळी रक्कम एकदम पाठवू नका, एवढी माझी विनंती आहे. एक तृतीयांश आता बियाणे आणि शेळ्यांसाठी द्या. उरलेल्या रकमेतून त्या गावांतीलच दोन बायकांना दोन वर्षे मानधन देता येईल. त्या जुने भाडेपट्टे, शिधापत्रिका, वारसनोंदी गोळा करतील, अर्ज लिहून घेतील आणि तहसील कचेरीत सोबत जातील. छायाचित्रात दाखवता येण्यासारखे यात फारसे काही नसेल, हे तुझ्या सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेव.

गड्ड्याची यात्रा आटोपली की मी वही घेऊन पुन्हा मोहोळला जाणार आहे. १९ कुटुंबांपैकी सात घरे बायकाच चालवतात आणि त्यांचे अर्ज मी प्रथम लिहिणार आहे. मानधनाविषयी तुमचे काय ठरते, ते त्यापूर्वी कळव, म्हणजे त्या दोन बायकांशी मला बोलता येईल.

तुझे
बाबा