पांढरं फडकं आणि आमची काजूची बाग

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतून निवृत्त होताय असं आरोग्य केंद्रातल्या ताईंकडून कळलं. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच बाबांच्या तब्येतीवर येता, म्हणून हे जाहीर पत्र.

२०१६ चा काजूचा हंगाम नुकता लागला होता. बाबा बागेतून थंडी वाजून आले ते आडवेच झाले. डोळे लाल, डोकं धरून बसलेले, पोटऱ्यांना हात लावू देईनात. आमच्या सिंधुदुर्गाला लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, धास्ती जुनी. आम्ही तेच धरून चाललो. पण लेप्टो बहुतेक पावसाळ्यात, चिखलात काम करणाऱ्यांना होतो, आणि तेव्हा तर जमीन कोरडी ठणठणीत होती. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. रक्त पुण्याला गेलं आणि माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप, निघाला.

त्यानंतरचे दिवस तापापेक्षा वाईट गेले. आमच्या घरी येणं-जाणं बंद झालं. आई विहिरीवर गेली की बायका बाजूला व्हायच्या. मग तुमची जीप आली. तुम्ही ओट्यावर बाबांना टेकून बसलात, आमच्या कपातून चहा घेतलात आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात, "हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही." दुसऱ्या दिवशी शेजारची काकू पेज घेऊन आली. मॅडम, त्या एका कप चहाचे आभार मी आजवर मानलेले नाहीत.

मग तुम्ही विचारलंत, रानात वानर मेलेले दिसले का? दिसले होते. पण ते कुणाला सांगायचं असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोग्याच्या क्यासनूर जंगलातही असंच घडलं होतं. आधी माकडं मेली, मग माणसं तापाने पडली, आणि पुण्याच्या तुमच्याच संस्थेने हा विषाणू शोधून काढला.

बाबा जेवायला बसायचे त्या झाडाखाली तुम्ही पांढरं फडकं गळलेल्या पानांच्या पातेऱ्यावरून हळूहळू ओढत नेलंत. उलटं करून दाखवलंत तेव्हा मला आधी काहीच दिसलं नाही. मग खसखशीएवढा एक ठिपका चालायला लागला. चिमट्याने उचलून तो बाटलीत टाकत तुम्ही म्हणालात, "ही गोचिडीची पिल्लं. माणसाला हीच चावतात." वानर मेला की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. मोठ्या गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसतात. बाबा म्हणाले, "बाई, ह्या पातेऱ्यात आमचो जल्म गेलो." तुम्ही त्यांना बाग सोडा म्हणाला नाहीत. अंगभर कपडे, हातापायांना गोचीड दूर ठेवणारं तेल, पातेऱ्यावर न बसणं, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, आणि मेलेल्या माकडाला हात न लावता लगेच कळवणं. एवढ्यावर आमची बाग आमच्याकडे राहिली.

लसीबद्दलही तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. कर्नाटकात दिली जाणारी लस पुरेसं संरक्षण देत नाही, हे तेव्हाच सांगितलंत. २०२२ मध्ये ती बंद झाल्याचं वाचलं तेव्हा तुमची आठवण आली.

स्वतःच्या कामाबद्दल तुम्ही फारसं बोलला नाहीत. एकदाच, बाटल्यांवर नंबर घालता घालता, २००३ च्या चांदीपुरा तापाची गोष्ट निघाली. वाळूमाशीमुळे पसरणाऱ्या त्या तापाने आंध्रात शेकडो मुलं आजारी पडली आणि निम्म्याहून जास्त दगावली. सांगताना तुमचा हात थांबला होता. डास, वाळूमाशी, गोचीड यांच्यामागे तुमची सगळी नोकरी गेली. माकडतापाच्या विषाणूने प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही गाठलेलं आहे, हे मला नंतर कळलं. आमच्या बागेतल्या त्या बाटल्या तुम्ही कशात हात घालून उघडत होतात, हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

बाबांना तिसऱ्या आठवड्यात ताप उलटला, तेव्हा रोज रात्री तुमचा फोन यायचा. हे करणं तुमच्या नोकरीत नव्हतं.

बाबा आता सत्तरीत आहेत. रोज सकाळी ओट्यावर बसून पायांना तेल चोळतात, मगच बागेत जातात. कामाला आलेल्या गड्यांच्या पायांकडेही आधी बघतात. गेल्या वर्षी वरच्या रानात एक वानर मेलेला दिसला. खबर अर्ध्या तासात आरोग्य केंद्रात पोचली होती.

यंदा मोहोर चांगला आहे. मार्चमध्ये ओले काजूगर निघतील. त्या वेळी उसळ खायची राहून गेली होती, तुम्हाला नमुने घेऊन संध्याकाळच्या आत निघायचं होतं. आता निघायची घाई नसेल. आई वाट बघतेय.

आपला,
दोडामार्ग तालुक्यातला एक काजू बागायतदार